दोन पेट्या, मुक्काम पोस्ट सटाणा

मधमाश्या कशासाठी पाळल्या, असं कुणी विचारलं की मी 'मधासाठी' असं सांगतो. विचारणाऱ्याचं समाधान होतं. खरं म्हणजे आमच्या दोन पेट्यांतून पहिल्या वर्षी जो मध निघाला, त्यापेक्षा जास्त खोकल्याच्या औषधात असतो. पण उत्तर असं द्यावं की समोरच्याला पुढे विचारायची इच्छा राहू नये. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून मी एवढं एक शिकलो आहे.

झालं होतं असं, की माझी बायको उज्वला हिला बँकेत बढती मिळाली आणि जूनमध्ये ती शाखा व्यवस्थापक म्हणून सटाण्याला गेली. सटाणा म्हणजे काही परदेश नाही. सकाळी नाशिकहून एसटीत बसलेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे असतो. पण बँकेला सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, आणि त्या शनिवारी ती आली की रविवारी दुपारीच बॅग भरायला लागायची. मुलगी नोकरीला पुण्यात. राहिलो मी, गंगापूर रोडवरच्या तीन खोल्यांत, कुकरच्या शिट्ट्या ऐकत.

रोज जेवणं झाली की फोन व्हायचा.

"जेवलात?"

"हो."

"काय?"

"खिचडी."

"आजपण?"

यापुढे शांतता. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही समोरासमोर न बोलता तासन् तास बसलो आहोत, आणि ते फार छान वाटायचं. फोनवर तेच करायला गेलं की समोरून 'हॅलो, आवाज येतोय का' असं येतं.

अशा वेळी 'मला करमत नाही, बदली मागून परत ये' एवढं एक वाक्य म्हणायचं असतं, हे मला कळत होतं. पण हे वाक्य निकम घराण्यात आजवर कुठल्याही पुरुषाने उच्चारलेलं नाही. माझे वडील आईला 'मीठ कमी आहे' असं म्हणायचे, त्यातून तिने काय ते समजून घ्यायचं. त्यात आता बायकोला बढती मिळालेली. बढती मिळालेल्या बायकोला परत ये म्हणणारा नवरा ही काय चीज असते, ते स्टाफरूममध्ये दुसऱ्यांच्या नावाने मी स्वतः सांगितलेलं होतं.

तर नवरात्राच्या सुट्टीत मी एका मधपालनाच्या शिबिराला गेलो आणि येताना सातेरी माश्यांच्या दोन पेट्या घेऊन आलो. सातेरी म्हणजे आपली देशी, अंधारात घर करणारी, स्वभावाने गरीब माशी. पेट्या गच्चीच्या उत्तर कोपऱ्यात ठेवल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या आणि उज्वलाला फोन लावला.

"कसला आवाज येतोय?" ती म्हणाली.

"माश्या."

"खरकटं उघडं ठेवलंय का?"

"मधमाश्या. पाळल्यात."

त्या दिवशी आमचा फोन कान गरम होईपर्यंत चालला. राणी दिसते कशी, असं तिने विचारलं. मी म्हटलं, लांबट, गंभीर, चोवीस तास माणसांच्या गराड्यात, शाखा व्यवस्थापकासारखी. ती हसली. जूननंतर फोनवर ती पहिल्यांदा हसली होती. त्याच क्षणी मी ठरवलं, की काहीही झालं तरी या माश्या जगल्या पाहिजेत.

मग रोज काहीतरी सांगायला असायचं. आज पिवळे पराग आणले, आज नारिंगी आणले. आज एक नर हाकलला. आज पिलावा वाढला, म्हणजे अंडी-अळ्यांच्या पोळ्यांची संख्या वाढली. काही घडलं नाही त्या दिवशी मी थोडं रचूनही सांगत असे. एकदा मी राणी रुसल्याचं सांगितलं. त्यावर उज्वलाने तिकडच्या एका मधपाळाला गाठून 'राणी रुसली तर काय करतात' असं विचारलं. तो दोन दिवस विचार करत होता म्हणे.

आता इमारतीचं. आमच्या सोसायटीत प्रत्येकाला प्रत्येक विषयातलं कळतं, फक्त पाण्याची मोटर बिघडली की एकदम कुणालाच काही कळत नाही. चौथ्या मजल्यावरच्या मंगलाबाईंनी सांगितलं, की त्यांच्या माहेरी माश्यांशी बोलायची पद्धत आहे, तुम्ही बोलता का? मी रोज बोलतच होतो, पण ते मान्य केलं नाही. अध्यक्ष वाल्मीकराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "सर, टॉवरच्या लहरींनी माशा भरकटतात. पेट्यांना अर्थिंग द्या." मी विचार करतो म्हणालो. त्यांनी स्वतःच येऊन तारेचा एक तुकडा पेटीच्या पायाला बांधला आणि दुसरं टोक कुंडीत खोचलं. कुंडीत मंगलाबाईंची कारली होती.

पहिलं बालंट आलं ते कपड्यांवरून. माशी स्वच्छ असते. इतकी स्वच्छ, की पेटीत घाण करत नाही, बाहेर उडता उडता करते. थंडीत ऊन पडलं की सगळ्या एकदम बाहेर पडतात आणि खाली जे काही पांढरं वाळत घातलेलं असेल त्यावर हळदीचे शिंतोडे उडाल्यासारखे डाग पडतात. आमच्या इमारतीत पांढरं फक्त वाल्मीकराव घालतात.

"सर, हे काय हाय?" शर्ट माझ्यापुढे धरून ते म्हणाले.

"पराग असतात ते. पचलेले."

"पचलेले म्हणजे?"

मी म्हणजे काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, की इमारतीत प्राणी पाळणाऱ्यांनी रीतसर परवानगी आणावी.

मी कायद्याने चालणारा माणूस आहे. एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथे प्राण्यांची एकच खिडकी होती आणि ती कुत्र्यांची होती. खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "जात?"

"सातेरी."

"नाव?"

"नावं नाहीत. वीसेक हजार आहेत."

त्यांनी मान वर केली. "भटके की पाळीव?"

हा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा अवघड होता. "दिवसा भटक्या," मी म्हटलं, "संध्याकाळनंतर पाळीव."

"लसीकरणाचे दाखले आणा," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाचा वेगळा."

जानेवारीत समितीची बैठक झाली. एक पक्ष म्हणाला, पेट्या इमारतीतून काढा. दुसरा पक्ष, म्हणजे मी, म्हणालो, राहू द्या. वाल्मीकरावांनी मधला मार्ग काढला. पेट्या उत्तर कोपऱ्यातून उचलून दक्षिणेला, लिफ्टच्या खोलीमागे ठेवायच्या. मी समजावून सांगितलं, की माशी घर ओळखत नाही, जागा ओळखते. पेटी हलवायची तर हातभर हलवा, नाहीतर पार दुसऱ्या गावाला न्या, मधलं काही चालत नाही. पण आमची समिती स्थापनेपासून फक्त मधलंच करत आली आहे.

"माशीला ठराव कळणार नाय," वाल्मीकराव म्हणाले, "पण तुम्हाला तर कळतो ना?"

पंचवीस तारखेला संध्याकाळी मी पेट्या हलवल्या. उत्तर कोपरा रिकामा झाला. आणि रिकामी जागा बघून समितीने दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनाचा खांब तिथे उभा केला.

सकाळी ऊन पडल्यावर माश्या दक्षिणेकडून कामाला निघाल्या. सोसायटी उत्तरेकडे जमली. झेंडा वर गेला, फडकला, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, आणि आम्ही सगळे सावधान उभे राहिलो. राष्ट्रगीत सुरू झालं, आणि माश्या घरी आल्या. म्हणजे जिथे काल घर होतं तिथे आल्या. तिथे आज वाल्मीकराव उभे होते, डोक्यावर नवी, कडक इस्त्रीची पांढरी टोपी. माश्यांनी टोपीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एकेक करून टोपीवर बसायला सुरुवात केली.

राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही, हे आपल्यात शाळेपासून भिनलेलं असतं. कुणी हललं नाही. मंगलाबाईंनी डोळे मिटून घेतले. वाल्मीकरावांचा आवाज एरवी सगळ्यात खालच्या पट्टीत असतो, तो कडव्याच्या मध्यावर गेला आणि वर चढत चढत बायकांच्या आवाजात मिसळला. टोपी हळूहळू पांढरीची तपकिरी झाली. राष्ट्रगीत संपल्यावरसुद्धा कुणी हललं नाही. त्या दिवशी 'भारत माता की जय' आमच्या इमारतीत इतक्या हळू आवाजात म्हटलं गेलं, की तळमजल्यावर झोपलेलं बाळ उठलं नाही.

कुणाला काही झालं नाही. मी पेट्या जुन्या जागी आणल्या, टोपी पेटीच्या दाराशी झटकली, माश्या आत गेल्या. पण वाल्मीकराव गच्चीतून उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, आता मधलं काही नाय." त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. राग नव्हता.

पेट्या कुठेतरी न्यायच्या हे ठरलं. आता अख्ख्या इमारतीला गावाकडची शेतं आठवली. एकाचा मामा विंचूरला, द्राक्षबागायतदार. मी म्हटलं, द्राक्षाला माशी लागत नाही, आणि फवारणी फार. एकाचे सासरे लासलगावला. मी म्हटलं, बाजार समितीची धूळ, ट्रॅक्टरचा धूर, माश्यांच्या पंखांना बरं नाही. मंगलाबाई म्हणाल्या, पेठला ओळख आहे, जांभूळ फुलतं तिकडे. मी म्हटलं, फुलतं, पण ते पुढे, उन्हाळ्यात. मग मी माझं हंगामी नियोजन मांडलं. फेब्रुवारीत डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे फुलोरा, तो सटाण्याला. बियाण्याच्या कांद्याचे गोंडे फुलतात, तेही सटाण्याला. पावसाळ्यात माश्यांना साखरेचा पाक द्यावा लागतो. साखर कुठेही मिळते, म्हणजे सटाण्यालाही.

वाल्मीकरावांनी सगळं ऐकून घेतलं. "सटाण्याला मॅडम असतात ना?" ते म्हणाले.

"योगायोग आहे," मी म्हटलं.

"हो ना," ते म्हणाले आणि चहा आणायला सांगितला.

उज्वला सटाण्याच्या बाहेर, देवराम नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यातल्या घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहत होती. मळ्यात डाळिंब होतं आणि बांधापलीकडे कांद्याचं बियाणं. मी तिला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "देवरामभाऊंना विचारते." मग, "म्हणजे तुम्हाला पेट्या बघायला यावं लागेल, नाही का?"

"यावंच लागेल," मी म्हटलं. "जबाबदारी आहे."

पेट्या हलवायच्या तर सगळ्या माश्या आत आल्यावर दार जाळीने बंद करायचं आणि ऊन चढायच्या आत पोचायचं, असा नियम आहे. संतोष नावाच्या चालकाचा छोटा हत्ती, म्हणजे टेंपो, ठरवला. संतोष पेट्यांना घाबरत नव्हता, पेट्यांमध्ये काय आहे ते मी सांगेपर्यंत. त्यानंतर त्याने काचा वर केल्या, आणि मला मागे पेट्यांपाशी बसायला सांगितलं. देवळ्याच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. लिलावाचा दिवस. ऊन चढायला लागलं, पेट्या आतून तापायला लागल्या, आणि मी वर्तमानपत्राने दोन पेट्यांना वारा घालत बसलो. एक ट्रॅक्टरवाला उतरून बघायला आला.

"काय माल हाय?"

"मधमाश्या."

"भाव काय चाललाय?"

"विकायच्या नाहीत. सटाण्याला पोचवायच्यात."

"मंग वारा काहून घालता?"

"गुदमरतील."

त्याने रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढे जाऊन त्याने काय सांगितलं माहीत नाही, पण ट्रॅक्टर एकेक करून कडेला झाले आणि आम्हाला वाट मिळाली. वाटेतला प्रत्येक जण माझ्याकडे अत्यवस्थ पेशंटच्या नातेवाइकाकडे बघावं तसा बघत होता.

मळ्यात देवराम वाट बघत उभाच होता. "पेट्या आठेच ठेवा सर," डाळिंबाखालची सावलीची जागा दाखवत तो अहिराणीत म्हणाला. "काही काळजी नका करू. मॅडम आमना घरन्याच शेतस." त्याच्या बायकोने, झुंबरबाईने, पेट्यांवर हळद-कुंकू वाहिलं. उज्वला बँकेत जायच्या तयारीत पायरीवर उभी होती, पदराला पिन लावत. मी रात्रभर जागा, केसांत धूळ, हातात फाटलेलं वर्तमानपत्र. "चहा घ्या आधी," ती म्हणाली. तिने मला फार दिवसांनी दोन बिस्किटं बशीत काढून दिली.

त्यानंतर शनिवारची दिशा बदलली. मी सटाण्याला जाऊ लागलो. पण एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. आता सांगायला तिच्याकडे असायचं आणि ऐकायला मी. मी चार महिने पुस्तकं वाचून ज्या माश्या पाळल्या, त्यांच्याविषयी बायको मला फोनवर बातम्या द्यायला लागली. डाळिंब लालभडक झालंय. मधकोठी भरत आलीये. झुंबरबाई रोज संध्याकाळी पेट्यांपाशी येऊन बसतात, मीपण बसते, छान वाटतं. हे 'छान वाटतं' मी रात्री पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघायचो, आणि ते मला फारसं छान वाटायचं नाही. उत्तर कोपरा रिकामा होता. मी संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचो. वाल्मीकराव फेऱ्या मारता मारता थांबायचे, "पाणी आलं का हो टाकीत?" असं विचारायचे आणि माझ्याबरोबर थोडा वेळ नुसतेच उभे राहायचे.

एप्रिलमध्ये मंगलाबाईंनी बैठक बोलावली. कारल्याला आणि काकडीला फुलं येत होती, फळ धरत नव्हतं. तार काढली, खत बदललं, दृष्ट काढली. शेवटी त्यांच्या लक्षात आलं, की माश्या गेल्यापासून हे असं आहे. बैठकीत एकमताने ठराव झाला, की निकम सरांच्या पेट्या इमारतीत सन्मानपूर्वक परत आणाव्यात. पांढरे कपडे आपण आतल्या बाजूला वाळत घालू, असं वाल्मीकरावांनी स्वतः सुचवलं. आमच्या समितीने घेतलेला हा पहिलाच मधला नसलेला निर्णय. आनंदाने माझा ऊर भरून यायला हवा होता.

तिकडे बहारही संपलाच होता. तिसऱ्या शनिवारी संतोषला घेऊन दुपारीच मळ्यात पोचलो. संध्याकाळी माश्या आत आल्या की दारं बंद करायची आणि निघायचं. उज्वला बँकेतून आली, साडीचा पदर खोचून माझ्याशेजारी बांधावर बसली. डाळिंबामागे ऊन उतरत होतं. माश्या येत होत्या, दोन, तीन, मग जरा वेळ कुणीच नाही, मग एकदम पाच-सहा.

"सर, बांधू का दोऱ्या?" संतोषने लांबून विचारलं.

"थांब, अजून येताहेत," उज्वला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "न्यायलाच हव्यात का?"

"सोसायटीचा ठराव झालाय."

"आणि तुमचा?"

"माझ्या बाजूने गणपूर्ती झालेली नाही," मी म्हटलं.

ती हसली नाही. जाळीचा तुकडा हातात घेऊन तिने तो चुरगळला. "विनंती-बदलीचा अर्ज मार्चअखेर करायचा होता," ती म्हणाली. "केला नाही मी."

समोरच्या पेटीच्या दारातून एक माशी डोकं बाहेर काढून आत गेली.

"रोज वाट बघितली, तुम्ही आज तरी म्हणाल म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही विचारायचात, पराग कुठल्या रंगाचे. मला वाटलं, तुम्हालाच म्हणायचं नाही, तर उगाच कशाला अर्ज करा."

"म्हणजे आता?"

"आता पुढच्या वर्षी."

अर्थशास्त्राचा माणूस असूनही मला ते वर्ष कुठल्याच खात्यात टाकता येईना. संतोषने टेंपोचा फाळका खाली सोडला, त्याचा आवाज झाला. मला वाटलं, काहीतरी बोलावं. पेट्यांना सावली हवी, उन्हाळ्यात पाणी ठेवावं लागतं, असं काहीतरी. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडलं.

"मला करमत नाही, उज्वला," मी म्हटलं. "अजिबात करमत नाही."

"माहीत आहे."

"कसं?"

"वाल्मीकरावांनी जानेवारीतच फोन केला होता. म्हणाले, मॅडम, सरांना माशा नको हायेत, तुम्ही हव्यात." ती उठली आणि साडीची माती झटकली. "पण ते वाल्मीकरावांनी सांगून काय उपयोग?"

मी जाळ्या खिशात घातल्या आणि संतोषला सांगितलं, आज माल नाही. तो म्हणाला, मग तुम्ही तरी बसा. मी म्हटलं, माझंही आज काही खरं नाही. देवरामने संतोषच्या टेंपोत कांद्याच्या चार गोण्या टाकल्या, रिकामं कशाला जायचं म्हणून, आणि एक गोणी वाल्मीकरावांकडे पाठवली. ठरावाचं काय झालं, ते त्यांना गोणी बघून कळेल असा माझा अंदाज होता.

सोमवारी सकाळी प्राचार्यांना फोन करून सांगितलं, की मधमाशी चावली आहे, तोंड सुजलंय, दोन दिवस येऊ शकत नाही. त्या बिचाऱ्या मला आजवर एकदाही चावलेल्या नाहीत. पेट्यांपाशी जाऊन मी त्यांची माफी मागितली. त्या थांबल्या नाहीत, कामाला निघाल्या होत्या. उज्वलाही निघाली. देवराम बांधावर गेला, झुंबरबाई गोठ्यात. साऱ्या मळ्यात बिनकामाचा असा मी एकटाच उरलो. खोलीच्या पायरीवर किल्ली हातात घेऊन दुपारभर बसून राहिलो. संध्याकाळी सगळ्या घरी येणार होत्या.